भेटकलम

दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात पहाटे एक जागा अशी लागते, की तिथं माझी पावलं आपोआप रेंगाळतात. एका बाजूला ओल्या फडक्याखाली झाकलेले मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग, आणि त्यांना लागूनच केळीच्या पानावर ओळीनं निजवलेला सोनचाफा. एवढ्या गर्दीत, हमालांच्या आरोळ्यांत, चिखलात आणि तुडवलेल्या झेंडूत ते दोन वास एकमेकांत मिसळत नाहीत. मोगऱ्यापाशी माझा श्वास अडतो आणि दोन पावलं पुढं, चाफ्यापाशी, तो सुटतो. त्या दोन पावलांत माझे सहा महिने आहेत. चाफावालीला मी दर वेळी विचारते, "कुठला गं?" आणि ती सांगते, "वसईचा, ताई." मला ते ठाऊक असतं. तरी तिच्या तोंडून ऐकायचं असतं.

आमची वाडी निर्मळच्या तळ्यापासून चालत गेलं तर अर्ध्या तासावर. केळी, पानवेली, मोगऱ्याचे दोन वाफे, विहिरीला टेकून गोड्या पाण्याचं एक जुनं बावखल आणि कुंपणाच्या कडेनं चाफा. वसईतल्या ख्रिस्ती घरांत देव्हारा आणि वाडी यांच्यामध्ये फारसं अंतर नसतं. बाबा मिस्साहून आले की अंगातला पांढरा सदरा खुंटीला लावून थेट पाटाच्या पाण्यात उतरायचे. मला लहानपणी वाटायचं, मिस्साचाच तो पुढचा भाग असावा.

१९९८चा मे महिना. मला आठवा सरत आला होता. पुढचं सांगायला आजही मला शब्दांची रांग लावता येत नाही, आणि खरं तर लावूही नये. मी रिकाम्या हातांनी माहेरी आले, एवढंच. हात रिकामे झाल्याचं शरीराला मात्र कुणी कळवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.

आई काही बोलली नाही. परसातल्या मोगऱ्याची ओंजळभर फुलं तोडून आणली तिनं. दूध आटवायला जुन्या बायका तेच करतात. ताज्या फुलांचा थर छातीवर पसरायचा, वरून सुती फडकं घट्ट गुंडाळायचं, काही तासांनी फुलं बदलायची. अंगाच्या तापानं उकडून पिवळी, मलूल झालेली फुलं आई ओच्यात घेऊन जायची आणि पांढरी, गार, नवी आणायची. जुनी ती कुठं टाकायची, मी कधी विचारलं नाही. उन्हाळ्याच्या त्या कोंदट खोलीत दिवस आणि रात्र फक्त मोगरा होता. ज्या फुलांच्या वेण्या घालून मी शाळेत गेले, लग्नाला उभी राहिले, तीच फुलं आता माझ्यातून कुणाला तरी थेंबाथेंबानं पुसून काढत होती.

त्यात मे हा आमच्याकडे मरियेचा महिना. तिन्हीसांजेला आळीतल्या क्रूसाशी माणसं जमतात, क्रूसाला हार घालतात आणि जपमाळ म्हणतात. हारही मोगऱ्याचेच. खिडकी लावून घेतली तरी तो एकसुरी, झोपाळू, प्रेमळ गलबला आत यायचाच. 'नमो मरिये' एका जपमाळेत त्रेपन्न वेळा येतं, आणि दर वेळी त्यात आईच्या उदराच्या फळाचा उल्लेख येतो. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द. ते किती टोकदार आहेत हे त्या महिन्यात कळलं. मी मोजत बसायची. त्रेपन्न झाले की आजचं संपलं.

बरी माणसंही कधी कधी नकळत खोल खुपसतात. भेटायला आलेल्या एक आजी माझ्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "बाप्तिस्मा नव्हता ना गं झाला?" त्यांच्या काळच्या धर्मशिक्षणात अशा लेकरांसाठी 'लिंबो' नावाची एक जागा होती. स्वर्ग नाही, नरक नाही, दोहोंच्या सीमेवरचं काहीतरी. पुढं २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगानं सांगितलं, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे. विद्वानांनी ते शब्द किती जपून, किती तोलून मांडले होते! वर्तमानपत्रातली ती बातमी मी उभ्या उभ्याच वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. मला तोवर उत्तर मिळून चुकलं होतं. ते कुठल्या कागदावर मिळालं, ते सांगतेच.

जून लागला, मोगरा सरला, दूधही सरलं. नवरा दर रविवारी लोकलनं यायचा, ओट्यावर माझ्या शेजारी बसायचा, आणि आम्ही दोघं अंगणातल्या पागोळ्या बघायचो. त्याचंही मूल गेलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला लाज वाटावी इतका वेळ लागला. रेव्हरंड टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात, हे शाळेत पाठ केलेलं. फुलं आणि मुलं असे एका दमात उच्चारलेले ते शब्द मला तेव्हा सोसत नव्हते. देवाशी माझं बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं तर तेवढाही संबंध उरला नव्हता.

अशातच एका पहाटे चारच्या सुमारास बाबा दाराशी येऊन म्हणाले, "बाय, येतेस का वाडीत? बॅटरी धरायला कोणी नाही." बाबांना त्या वाडीत डोळे मिटूनही फिरता आलं असतं. मी उठले.

चाफा उजाडायच्या आत खुडावा लागतो. ऊन चढलं की पाकळ्या सैल होतात, आणि सैल झालेलं फूल दादरपर्यंत टिकत नाही. बाबा काठी आपटत पुढं चालायचे, जनावर असलं तर सरकून जावं म्हणून. मग एकेका फांदीशी थांबायचे. कळी मिटलेली, टोकाशी जेमतेम पिवळा रंग चढलेला, आणि खाली दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा हिरवा देठ. पाकळीला बोट लागता कामा नये. लागलं तर घटकाभरानं तिथं तपकिरी डाग उमटतो आणि बोटाची खूण राहते. "देठाला धर," बाबा म्हणाले, "ओढू नको, वाकव. यायची असेल ती येते." टक् असा अगदी बारीक आवाज व्हायचा. आणि मग वास यायचा. मोगऱ्यासारखा झडप घालणारा नाही. थोडा कच्चा, थोडा गोड, आत कुठंतरी ओल्या लाकडाची चव असलेला. तो नाकात येण्याआधी घशात येतो, असं मला वाटायचं. किती तरी दिवसांनी मी पोटापर्यंत श्वास घेतला.

मग रोज जाऊ लागले. बोलणं नसायचंच. पाऊस केळीच्या पानांवर आधी वाजायचा आणि अंगावर मागाहून पडायचा. बावखलात बेडूक. दूर कुणाच्या तरी पंपाची धडधड. खुडलेल्या कळ्या आम्ही शेकड्यानं मोजून केळीच्या पानात बांधायचो, वर पाण्याचा हबका मारायचो, आणि भाऊ त्या करंड्या घेऊन पहिल्या गाडीला धावायचा.

बावीस जुलैला मग्दालिया मरियेचा सण असतो. आडवारी पडला तर त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. त्या वर्षी तो बुधवारी होता आणि पाऊस तर असा, की चर्चमध्ये मोजून पंधरा माणसं, पंधरा ओल्या छत्र्या. मी गेले ती बाबांच्या सोबतीला म्हणून. शुभवर्तमान योहानाचं, विसावा अध्याय. पहाटेचा अंधार, रिकामी कबर आणि बाहेर रडत उभी असलेली मरिया. समोर येशू उभा आहे आणि तिला तो ओळखू येत नाही. तिला वाटतं, हा बागेतला माळी. मग तो तिला नावानं हाक मारतो, आणि त्या एका हाकेसरशी तिला कळतं.

परतताना बाबा छत्रीतून पुटपुटले, "माळी वाटला म्हणे." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "वाटणारच. त्या वेळेला बागेत दुसरं कोण असतं?"

मी हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. बाबांना विनोद करायचा नव्हता. ते एका माळ्यानं दुसऱ्याची दिलेली साक्ष असावी तशा आवाजात बोलले होते. पण हसता हसता माझा घसा दाटला आणि इतके दिवस तोंडातल्या तोंडात फिरणारा प्रश्न बाहेर आला. "बाबा, मरियेला नाव होतं. माझ्या लेकीला तो काय म्हणून हाक मारील?"

बाबांनी छत्री माझ्याकडे सरकवली. त्यांचा उजवा खांदा घरी येईस्तोवर भिजत राहिला. उत्तर दिलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी मला भेटकलमाला मदतीला घेतलं. कुंडीतलं वर्षाचं रोप जुन्या चाफ्याच्या फांदीच्या उंचीला येईल असं मचाणावर ठेवलं. चाकू पंच्याला पुसला. रोपाच्या खोडावरून बोटभर लांबीची साल अलगद काढली, तेवढीच फांदीचीही. आत ओलं, पांढुरकं, चकचकीत लाकूड. ते दोन उघडे भाग एकमेकांवर टेकवून बाबा म्हणाले, "दाब. हवा जाऊ देऊ नको." मी धरून राहिले आणि ते सुतळीचे वेढे देत गेले. फांदी अजून आईच्या झाडालाच होती, रोप आपल्या कुंडीत, आणि मधे माझी दोन बोटं. "आता रोज पाणी द्यायचं आणि विसरून जायचं," बाबा म्हणाले. पाणी मी दिलं. विसरले नाही.

ऑक्टोबरात फांदी तोडायची वेळ आली तेव्हा माझा हात थरथरला. बाबांनी चाकू अर्ध्यापर्यंतच घातला आणि थांबले. "एकदम नाही तोडायचं. आधी अर्धं. झाडाला सवय होऊ दे." आठ-दहा दिवसांनी उरलेलं कापलं. कुंडी खाली उतरवली. पानं दोन दिवस मान टाकून होती, तिसऱ्या दिवशी सावरली.

दोन नोव्हेंबर मृतांचा दिवस. त्याआधी घराघरांत एक कागद भरतात. त्यावर आपल्या गेलेल्यांची नावं लिहायची आणि चर्चमध्ये द्यायची, म्हणजे महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. बाबांनी तो कागद जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली ठेवला होता. पाकिटात घालायला मी उचलला. त्यांचं मराठी चौथीपर्यंतचं, अक्षर मोठं, ओळी उतरत्या. आजोबा. आजी. लहानपणीच गेलेले एक काका. आणि सर्वांत खाली, जागा थोडी पुरली नाही म्हणून दाटीवाटीनं लिहिलेलं: धाकटी बाय.

बाय म्हणजे मी. ते मला तशीच हाक मारत.

मी तो कागद पाकिटात घातला, पाकीट पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं. बाबा ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी मागच्या दारानं वाडीत गेले, आणि तिथं उभ्या उभ्या, क्रूसाशी नव्हे, चाफ्याशी, मे महिन्यात मोजत बसलेल्या त्या त्रेपन्न वेळा म्हणून टाकल्या. एकदाही न मोजता.

भोवतीच्या कितीतरी वाड्या गेल्या. हिरव्या वसईसाठी फादर दिब्रिटोंच्या मोर्च्यात बाबाही चालले होते. आता तेही नाहीत, फादरही नाहीत. आमचा तुकडा भावानं राखलाय. ते भेटकलम आता कुंपणावरून रस्त्यात डोकावतं आणि शाळेत जाणारी मुलं त्याच्या कळ्या चोरतात. भाऊ ओरडतो. मी त्याला गप्प बसवते.

ऑक्टोबर सरता सरता मी वसईला जाते आणि टेबलाशी बसून कागद भरते. बाबांचं नाव लिहिते. त्याखाली नेमकी पुरेल एवढी जागा आधीच सोडलेली असते.