वाघाला एक दिवस, बाकीचे आम्हाला

चंद्रपूर
कोजागरीनंतरचा रविवार

चि. छोटी हिस,


भाऊबीज आटोपून तुम्ही चौघं पाच दिवस येताय हे कळलं. त्यातले तीन दिवस ताडोबाच्या सफारीत घालवायचा बेत आहे हेही कळलं, म्हणून लगेच लिहायला बसले. एकच सफारी ठेव आणि उरलेले चार दिवस मला दे. पुण्या-मुंबईचे पाहुणे थेट ताडोबाच्या दाराशी, मोहर्लीला उतरतात आणि तिथूनच परततात. त्यांना आमचं शहर आणि पलीकडचा गडचिरोली जिल्हा गाडीच्या काचेतून दिसतो तेवढाच. वाघ बघावा, पण वाघ ज्या मुलखात राहतो तो मुलूख आणि त्यातली माणसंही मुलांनी बघावीत, असं मला मनापासून वाटतं.

नागपूरहून गाडीने याल, तर सहलीची सुरुवात वाटेतच होईल. वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1949 मध्ये उजाड माळावर ते उभं केलं. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं तिथे शेती करतात, हातमाग चालवतात, सतरंज्या विणतात. मुलांना ते हात काम करताना बघू दे. पुढे भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. डोंगराच्या पोटात सरळ कोरत नेलेला लांब बोगदा आहे, त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती आणि डाव्या-उजव्या हाताला तशाच दोन शाखा. टॉर्च बरोबर ठेव.

पहिला दिवस शहराचा. भल्या सकाळी परकोटावर जाऊ. गोंड राजांनी बांधलेली ही तटबंदी अजून जुन्या शहराला वेढून उभी आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. गोष्ट अशी सांगतात, की खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर फोड उठले होते. झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी त्याने अंगाला लावलं आणि फोड बरे झाले. त्याच परिसरात त्याला एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. तो ससा जिथून जिथून धावला, तिथून हा कोट फिरवला म्हणे. मुलांना ही गोष्ट कोटावर उभं राहूनच सांगायची. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचं चिन्ह. तो कोणत्या दरवाजावर कसा दिसतो, हे मुलांनाच शोधायला लाव.

काही वर्षांपूर्वी या कोटावर चढायची सोय नव्हती. वर झाडंझुडपं माजली होती, बुरुजांवर कचरा साचला होता. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी हातात कुदळी-फावडी घेतली आणि रोज सकाळी श्रमदान करून बुरुजामागून बुरूज मोकळा केला. आज आपण वरून चालतो ते त्यांच्या घामामुळे. हे मुलांना आवर्जून सांग.

तिथून लालपेठच्या मूर्ती. मला विचारशील तर शहरात मुलांना सर्वात जास्त आवडेल अशी जागा हीच. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने मोठं शिवमंदिर बांधायचं ठरवून एकेका दगडातून प्रचंड मूर्ती घडवून घेतल्या. देऊळ उभं राहण्याआधीच तो वारला आणि मूर्ती उघड्यावर राहिल्या त्या आजतागायत. सर्वात मोठी दहा तोंडांची दुर्गा आहे, पण तोंडं बघून लोक तिला रावणच म्हणत आले. तिच्या एकेका हाताजवळ मुलांना उभं कर, म्हणजे त्यांना मोठेपणाचा अंदाज येईल. नंतर अंचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या. राणी हिराईने आपल्या नवऱ्याची, बीरशहाची, समाधी किती देखणी बांधून घेतली ते बघ. महाकालीचं दर्शन घेऊ आणि येताना आलूबोंडा-तर्री खाऊ. मुलांसाठी तर्री कमी सांगायची.

दुसरा दिवस ताडोबाचा. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तेवढा वार टाळ. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वात जुनं. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तोच पुढे तारोबा देव झाला आणि त्यावरून हे नाव आलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. तळ्यात मगरी आहेत, गवे दिसतील, चितळांचे कळप दिसतील, वाघही दिसेल कदाचित. पण माझी एक विनंती आहे. जिप्सीतला गाईड जवळच्याच एखाद्या गावचा असतो. वाघ कुठे आहे हे सगळेच विचारतात. तुझ्या मुलांनी त्याला विचारावं, की तुमच्या शेतात रानडुकरं येतात का, रात्री जागलीला कोण जातं, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आई जाते तेव्हा घरचे काय करतात. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी सरपणाला, मोहाला, तेंदूपानाला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. आपण ज्याला बघायला पैसे मोजतो, त्याच्या शेजारी ही माणसं रोज राहतात आणि तरी जंगल राखतात. हे कळलं, तर मुलांचं वाघावरचं प्रेम खरं होईल.

तिसरा आणि चौथा दिवस गडचिरोलीचा. पहाटे निघायचं, कारण आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग असते. चामोर्शीजवळ मार्कंडा आहे. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावरच्या देवळांच्या भिंतींवर मूर्तींची दाटी आहे. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, आता निवांत बघता येईल. आलापल्लीला मुक्काम करू. तिथे वनखात्याने राखलेला सागाचा एक जुना पट्टा आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. झाडांचे शेंडे बघायला मान पाठीला लावावी लागते. चौथ्या दिवशी कमलापूरचा हत्तीकॅम्प. महाराष्ट्रात सरकारी हत्तीकॅम्प हा एवढाच. पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामाला लावलेल्या हत्तींची ही परंपरा. सिरोंचाजवळच्या वडधमला दगड झालेली झाडं आणि डायनोसॉरचे अवशेष आहेत, पण तेवढं लांब यावेळी जमणार नाही.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत आराम करा, कारण रात्र जागायची आहे. भाऊबीजेनंतर आमच्या या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, गोवारी ढाल नाचवतात, आणि रात्री नाटक. चांदा फोर्टवरून गोंदियाच्या गाडीत बसलो, की मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा येतं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ते मोठं केंद्र. शेतात कापडी मंडप, खाली खोदून उतरती केलेली जमीन, तिच्यावर तणीस आणि त्यावर आपण आणलेली चादर. दहाच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि पहाटे संपतं. मधे गाणी, नाच, हशे, शिट्ट्या. मांडीवर लेकरू निजलेलं, तरी बाई डोळे पुसत नाटक बघते. अशा नाटकात आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळी झाडीपट्टी आनंदली होती. थंडी पडायला लागलेली असेल, मुलांना स्वेटर आण.

आमच्याकडे पाळण्यांचे आणि पाण्याचे मोठाले पार्क नाहीत, याची मला कधी खंत वाटली नाही. इथे लोक जिथे राहतात, कमावतात, देवाला जातात आणि हसतात, तिथेच पाहुण्यालाही जायला मिळतं. अशी सहल विकत मिळत नाही. त्यासाठी घरचं माणूस लागतं, आणि ते तुला इथे आहे.

तेव्हा दोन सफाऱ्या आजच रद्द कर आणि मला कळव. वडशाच्या बाजूला मंडई कोणत्या गावात कोणत्या तारखेला आहे, ते विचारून ठेवते. मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी