बापाचा रकाना

८ डिसेंबर, सोमवार. मुदखेड

उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून चौघं जण आंतरवासितेला आले. नांदेडपर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं मुदखेड जंक्शन. दोघं शेतकऱ्यांची पोरं आहेत. बाकी दोघांनी पाच वर्षांत गाय पाहिली ती बहुधा खोड्यात अडकवलेलीच. चहा झाल्यावर प्रत्येकाच्या हातात एकेक शंभरपानी वही दिली. जन्माची तारीख, वजन, आई, बाप, नाळ, पहिला चीक किती वाजता, वार किती वाजता. रकाने आखायला लावले. "सर, हे सगळं ॲपवर असतं ना?" असतं. पण गोठ्यात रेंज नसते.

९ डिसेंबर, मंगळवार

पहाटे बारडच्या बाजूच्या एका आखाड्यावरून फोन आला. लाल कंधारी गाय, पहिलारू. आम्ही पोचलो तेव्हा पाणमोट फुटून पुढचे दोन्ही खूर दिसत होते. सगळं सरळ होतं, म्हणून कुणालाच हात लावू दिला नाही. नव्या डॉक्टरला सगळ्यात अवघड काय, तर नुसतं उभं राहणं. अर्ध्या तासानं नाक दिसलं, डोकं आलं, मग बाकी अंग एकदमच.

गोऱ्हा. रंग गडद लाल, कान लांब आणि लोंबते, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ बांधून कापली, टिंक्चर आयोडीन लावलं. पुढचं काम गायीच्या जिभेचं. पोरं पुसायला फडकं घेऊन धावली, त्यांना थांबवलं. चाटल्यानं वासराचं अंग सुकतं, रक्त खेळतं आणि आईला आपलं लेकरू कळतं. ताणकाट्यावर वीस किलोला थोडं कमी भरलं. तीनदा धडपडून चौथ्या वेळी उभं राहिलं.

तेवढ्यात घरच्या आक्का तांब्या घेऊन आल्या. "वार पडल्याबगर वासराला सोडू नका, डॉक्टर साहेब." हे मी गावोगाव ऐकतो. मी बोलणार, तर चौघांतली लातूरची मुलगीच पुढं झाली. "आक्का, माणसाच्या लेकराला आईच्या पोटातच रोगाशी लढायची ताकद मिळते. वासराला तशी मिळत नाही, ती चिकातूनच येते. आणि उद्यापर्यंत आतडं ती घ्यायचंच बंद होतं. आत्ता पाजा. ह्यानं ओढलं की वारबी लवकर पडंल."

"आन् खरवस?"

"आधी दोन लिटर ह्याच्या पोटात जाऊ द्या."

आक्कांनी तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि वासरू सोडलं. नऊच्या आत वार पडली.

वहीत बापाचा रकाना कोराच राहिला. मालक म्हणाले, "गावातलाच हाय की कुणाचा तर."

११ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात गर्दी. शेळ्या, एक कुत्रं, एका म्हशीचा पान्हा. लिहिण्यासारखं काही नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

रात्री जेवताना एकानं मोबाइलवर चीनमधल्या चंगदूच्या पांडा संशोधन केंद्राची चित्रफीत दाखवली. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचं, गुलाबी, डोळे मिटलेलं. आईच्या वजनाचा साधारण नऊशेवा भाग. आपला गोऱ्हा त्याच्यापुढं पैलवानच. जुळं झालं तर आई बहुतेकदा एकालाच सांभाळते, म्हणून तिथले लोक पिल्लं आलटूनपालटून तिच्याकडं देतात.

मला त्यांच्या कॅमेऱ्यांपेक्षा वंशावळीच्या नोंदवहीचं जास्त कौतुक वाटतं. १९८७ साली वाचवलेल्या सहा पांडांवर हे केंद्र उभं राहिलं. अशा ठिकाणी कुणाची जोडी कुणाशी लावायची हे वही बघून ठरतं. कृत्रिम रेतनात दोन नरांचं वीर्य वापरलं असेल, तर बाप कोण हे डीएनए तपासून नक्की करतात. आणि आपण? ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. त्या आदेशात मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारीचं नाव आहे. मातेचं ठीक, पण बापाचं कोण बघतो?

लाल कंधारी मुळात औताची जात. चांगला गोऱ्हा दिसला की खच्ची करून जुंपायचा, आणि मागं उरलेला कसलाही वळू गावभर फिरायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. आता ट्रॅक्टर आला, तर गोऱ्हा पोसायचाच कशाला हा सवाल. कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या रेतमात्राही आल्या आहेत. दुधाच्या जातीला ते शोभतं. इथं मात्र उत्तम नर राखल्याशिवाय जात टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

परत त्या आखाड्यावर गेलो. गोऱ्हा टणाटण उड्या मारतोय, बेंबी सुकली. जंताचं औषध कधी द्यायचं ते मालकांना लिहून दिलं. बापाचा शोध लातूरच्या मुलीनंच लावला: चार घरं फिरून, चहा पिऊन. गोऱ्ह्याचा बाप शेजारच्या वाडीचा वळू, आणि आक्कांच्या गायीचा बापही तोच! म्हणजे बाप-लेकीची ही संतती. मालकांना सांगितलं, हा गोऱ्हा दिसायला देखणा असला तरी वळू म्हणून ठेवू नका, आणि गायीला पुढच्या वेळी लांबचा वळू किंवा दवाखान्यातली लाल कंधारीची रेतमात्रा द्या. ते ऐकतील असं वाटतं.

येळवस (वेळा अमावस्या) तोंडावर आली, म्हणजे माळेगावची खंडोबाची यात्राही. तिथं जनावर घ्यायला जाल तर शिंगं, वशिंड, दात बघून झाल्यावर मालकाला एवढं जरूर विचारा: ह्याचा बाप कोणता, आणि तो कुठं बांधलाय?