कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी

जुनी गाडी नीट चालेना की पहिला संशय कार्बोरेटरवर येतो. मीही तेच धरून बसलो आणि माझ्या मॉरिस मायनरच्या इंजिनाने ते भोगलं. या गाड्या नव्याने सांभाळणारी मंडळी त्याच वाटेने जाताना दिसतात, म्हणून हे सांगतो.

या गाडीला एस.यू. कार्बोरेटर असतो. इंजिन हवा ओढेल तसा आतला पिस्टन वर उचलला जातो. त्याला बसवलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल येतं. खालचा नट फिरवला की जेट वर-खाली होतो आणि मिक्श्चर बदलतं. सगळा कारभार एका नटावर आहे असं वाटतं आणि पाना हातात येतो.

चढावर गाडी मिसिंग करू लागली तेव्हा मी नट खाली घेऊन मिक्श्चर रिच केलं. जरा फरक पडला, म्हणून आणखी केलं. पुढे प्लग काजळीने माखले, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. खरा दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये होता. पॉइंटची टाच झिजली होती आणि ०.०१५ इंचाची फट जवळजवळ मिटली होती. त्यामुळे ठिणगी दुबळी पडत होती, टायमिंगही मागे गेलं होतं.

दुसरी चूक याहून वाईट. पिस्टन आणि त्यावरचा डोम चकचकीत व्हावेत म्हणून मी ते पॉलिश पेपरने घासले. हे दोन्ही भाग एकमेकांसाठी जोडीने बनवलेले असतात, त्यांच्यातली फट अगदी बारीक असते. ती वाढली की हवा गळते आणि पिस्टन पुरेसा उचलला जात नाही. वेगात गाडीची ताकद गेली आणि पूर्ण जोडी बदलावी लागली. हे भाग पेट्रोलमध्ये धुऊन मऊ फडक्याने पुसायचे, एवढंच.

तिसरी चूक चोकच्या केबलची. या कार्बोरेटरमध्ये चोक ओढला की जेटच खाली येतो. माझी केबल ताणलेली होती, त्यामुळे जेट नटाला टेकतच नव्हता. अशा अवस्थेत केलेलं सगळं ट्युनिंग वाया गेलं.

आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलही लक्षात घ्यावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे ई-२० भरलं की जुन्याच सेटिंगवर मिक्श्चर लीन होतं.

म्हणून क्रम पाळा. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. मग डॅशपॉटमधलं ऑइल, चोकची केबल, थ्रॉटलच्या स्पिंडलची झीज. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. वेग वाढून तसाच राहिला तर मिक्श्चर रिच, इंजिन बंद पडू लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. नट एका वेळी एकच पैलू फिरवा आणि मूळ जागा लिहून ठेवा. हे सगळं तपासून झाल्याशिवाय नटाला पाना लावू नका.