बारा हजारांत लुंबिनी

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विमान आणि मोठमोठी शहरे येतात. आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांनी ते स्वप्न पाहू नये असे आपणच ठरवून टाकतो. पण वाचक बंधू-भगिनींनो, तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी हे परदेशातच आहे. तेथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. रेल्वेचा साधा डबा, एस. टी.सारखी बस आणि पायांत थोडे बळ असले की पुरे. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही दोघे नवरा-बायको तेथे जाऊन आलो. त्यात आनंद किती आणि त्रास किती, हे जसे घडले तसे सांगते.

आमचे हे गिरणी कामगार होते. संपानंतर गिरणी गेली आणि पुढची सारी वर्षे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. भिशीचे बारा हजार माझ्या हाती आले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, फ्रीज घे." मी म्हटले, फ्रीज उन्हाळ्यातही घेता येईल. ह्यांचे गुडघे आणखी थकले तर लुंबिनी मात्र राहून जाईल.

धुके आणि नोटा

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते. दोन रात्री आणि मधला एक दिवस. आम्ही चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बरोबर घेतले होते. लखनौच्या पुढे मात्र असे धुके पडले की खिडकीतून शेजारचा रूळही दिसेना. गाडी सात तास उशिरा पोहोचली. पौष-माघात तिकडे हे नेहमीचेच. थंडी तर अशी की हे शाल पांघरून, वर टॉवेल गुंडाळून बसले होते.

गोरखपूरहून बसने तीन तासांत सोनौली हे सीमेवरचे गाव येते. एक कमान ओलांडली की नेपाळ! घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहावे तर तिकडे विक्रम संवत २०७५ चालू. एका पावलात छप्पन्न-सत्तावन्न वर्षे पुढे गेलो म्हणून आम्ही खूप हसलो.

पण हसू फार वेळ टिकले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. आमच्याजवळ बँकेने दिलेल्या सगळ्या पाचशेच्या नोटा. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. नोटा बदलून देणाऱ्याने मात्र एकशे पन्नासच हातावर ठेवले. अडला माणूस काय करणार?

त्याहून मनाला लागले ते पुढचेच. सीमेजवळच्या एका लॉजवर खोली विचारली. मॅनेजरने नाव लिहून घेतले आणि विचारले, "कौन बिरादरी?" ह्यांनी सांगितले, "बौद्ध." तो म्हणाला, "वो तो ठीक है, मगर जात कौन सी?" ह्यांनी पुन्हा "बौद्ध" एवढेच म्हटले आणि पिशवी उचलली. अंधार पडत आला होता. लुंबिनीकडे जाणारी शेवटची जीप मिळाली, तिच्यात बावीस किलोमीटर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

जेथे कोणी जात विचारली नाही

लुंबिनीत आम्ही कोरियन विहारात उतरलो. वहीत नाव, देश आणि ओळखपत्राचा नंबर एवढेच लिहायचे. साधी गादी, जाड रजई, ठरल्या वेळी भात-भाजी-वरण आणि अगदी माफक पैसे. जेवल्यावर आपले ताट आपणच धुवायचे. माझ्या शेजारी एक गोऱ्या बाई ताट घासत होत्या, पलीकडे एक भिक्खू. ह्यांचा चेहरा तेव्हा कुठे मोकळा झाला.

सकाळी महामायादेवी मंदिरात गेलो. बाहेरून ती साधी पांढरी इमारत आहे. आत विटांचे जुने पाये आहेत आणि त्यांच्यावरून लाकडी वाटेने चालत जायचे. मध्ये काचेखाली एक दगड आहे. १९९६ च्या उत्खननात सापडलेला हा दगड म्हणजे जन्माची नेमकी जागा दाखवणारी खूण, असे मानतात. पुढे २०१३ मध्ये संशोधकांनी जाहीर केले की विटांच्या खाली इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या आहेत. आम्ही हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटले. मागे उभे असलेले श्रीलंकेचे उपासकही आमच्याबरोबर म्हणू लागले. भाषा वेगळी, पण पाली एकच!

बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. तो १८९६ मध्ये उजेडात आला. त्यावर ब्राह्मी लिपीत पाच ओळी कोरल्या आहेत. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा येथे स्वतः आला, येथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून त्याने हा स्तंभ उभारला, गावाचा कर माफ केला आणि पिकातील राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असा त्याचा आशय. गाईडकडून हे ऐकून हे म्हणाले, "अगं, एवढा मोठा राजा आला आणि गरिबांचा कर कमी करून गेला. पूजा म्हणतात ती हीच!"

दुपारी भाड्याने सायकल घेतली. हे पुढे, मी कॅरिअरवर. गिरणी सुटल्यापासून ह्यांनी सायकलला हात लावला नव्हता. मधल्या कालव्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी देशांचे. जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी १९७८ मध्ये हा आराखडा पूर्ण केला. म्यानमारचा सोनेरी पॅगोडा, थायलंडचे पांढरेशुभ्र विहार पाहता पाहता संध्याकाळ झाली. ह्यांचे गुडघे सुजले, पण तक्रार एकदाही नाही.

काठमांडू की कपिलवस्तू?

रात्री पैसे मोजले. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब काठमांडूला गेले होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ती भूमी पाहण्याची ह्यांची फार इच्छा. पण रात्रभराचा बसप्रवास, परतीचे भाडे आणि ते गुडघे. काठमांडू केले तर तिलौराकोटही नाही आणि कुशीनगरही नाही. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जेवढे अंथरूण तेवढेच पाय." मला वाईट वाटले, पण दुसरा मार्ग नव्हता.

तिलौराकोट लुंबिनीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. शाक्यांची कपिलवस्तू ती हीच, असे नेपाळ मानतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील पिप्रहवा हे ते ठिकाण मानणारे विद्वान आहेत. तो वाद विद्वानांकडे सोडू. तेथे विटांचा तट, झाडे, चरणाऱ्या गाई आणि शांतता एवढेच होते. पूर्व दरवाजापाशी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची आठवण झाली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, हे बाबासाहेबांना पटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यासाठी घर सोडले, असे त्यांनी मांडले. ती रोहिणी आजही वाहते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. आमच्या चाळीत नळावर भांडणे पाहत आयुष्य गेले. पाण्याच्या भांडणात शांततेची बाजू घ्यायला किती धैर्य लागते, ते मला त्या दरवाजात कळले.

परतताना गोरखपूरहून कुशीनगरला जाऊन आलो. तेथील पहुडलेली सहा मीटर लांबीची मूर्ती पाहिली. जन्म आणि महापरिनिर्वाण, दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात झाली. घरी आलो तेव्हा गाठीला चौदाशे रुपये उरले होते. काठमांडू मात्र राहिले ते राहिलेच.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जरूर न्यावे. नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करावी. धुके टाळायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. चार कुटुंबे मिळून गेली तर जीपचे भाडे वाटले जाते. आणि भगिनींनो, मुले मोठी होतील, घर बांधून होईल, मग पाहू, असे म्हणत बसू नका. गुडघे वाट पाहत नाहीत.