वरोऱ्याची मंडळी आणि मेक्सिकोचे ताट

नागपूर-चंद्रपूर मार्गावरील वरोऱ्याच्या जैन कुटुंबांस बाहेर जेवायचे तर भद्रावती तीर्थाची भोजनशाळा जवळची. माफक दरातील, नियमात बसणारी. पुण्या-बेंगळुरूस शिकणाऱ्या मुलांचा ओढा मात्र मेक्सिकन उपाहारगृहांकडे आहे. टॅको बेलचे भारतातील पहिले दालन २०१० साली बेंगळुरूत उघडले. पुढे हे जेवण विद्यार्थ्यांच्याही खिशाला परवडू लागले.

हे ताट अगदीच परके नाही. मका, मिरची, टोमॅटो, राजमा ही सारी मूळची अमेरिका खंडातील पिके. टॉर्टिया ही तर मक्याची पातळ पोळीच. पारख करावी लागते ती न दिसणाऱ्या जिनसांची. घोटलेला राजमा मेक्सिकोत परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. साल्सात कांदा-लसूण बहुधा असतोच. हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, कंदमुळे वर्ज्य असल्याची देत नाही.

म्हणून पदार्थ मागविण्यापूर्वी स्वयंपाकघरात चौकशी करावी आणि सूर्यास्ताची वेळ सांभाळावी. माल पारखून घेणे व्यापाऱ्याच्या अंगवळणी असते. तीच सवय येथे पाळली, तर नातवंडांच्या पंगतीला आजोबाही निःशंक मनाने बसू शकतील.