फोर बाय फोर, पण ब्रेक तेच!

जुलैतला शनिवार, ताम्हिणीतला धो धो पाऊस आणि मित्राची जुनी फोर बाय फोर जीप. पठ्ठ्याने डांबरी सोडून थेट चिखलाच्या उतारावर घातली. ‘चारही चाकं ओढतात ना!’ ओढतात हो, पण थांबवायचं काय? ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या, ब्रेक दाबताच चाकं लॉक, जीप तिरकी दरीकडे! त्याने ब्रेक सोडला, तेव्हा कुठे स्टिअरिंग ऐकू लागलं. असा उतार आधी पायी बघायचा. मग फोर-लो, पहिला गिअर आणि इंजिनच्याच धाकात गाडी सोडायची. आणि हो, अशा पार्ट-टाइम गाडीत कोरडी डांबरी लागताच टू-व्हीलवर या. नाहीतर वळणावर पुढची-मागची चाकं आपापसात भांडतात, भुर्दंड गिअरबॉक्सला. मुळशीला चहा घेतला. कप धरताना माझे हात अजून थरथरत होते.