पोट सुटलेली भिंत

मामांनी फोन केला तो भिंतीसाठी नव्हताच. म्हैस व्यायली होती, खरवसाला या, एवढाच निरोप. ठेवता ठेवता म्हणाले, "आन् हां भाचे, गोठ्याचं दार लागंना झालंय. पावसानं फुगलंय जणू. येताना कुणाचा रंधा मिळाला तर आणा."

आमच्या घरात मामा भाच्याला अरेतुरे करत नाहीत, त्यामुळं मीही आदरानं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर आठवलं, गोठ्याचं दार पत्र्याचं आहे आणि चौकट लोखंडी अँगलची. लोखंड पावसानं फुगत नाही.

गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतरणीवर वसलेलं. घरं पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. एकाचं अंगण दुसऱ्याच्या पत्र्याच्या उंचीला येतं. मामांच्या गोठ्यामागं चुलत भावाचं वावर आहे, तेही दहा फूट वर. ती माती धरून ठेवायला चाळीस फूट लांबीची भिंत. 2025 च्या सप्टेंबरात या भिंतीनं जे सोसलं, ते सगळ्या जिल्ह्यानं सोसलं. आष्टी तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली होती, सिंदफणाकाठची पिकं पाण्याखाली होती. वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस मिळाला तर समाधान मानणारा हा मुलूख. त्याला पाणी कसं साठवायचं याची चिंता ठाऊक. नको तिथं साठलेल्या पाण्याचं काय करायचं, याची सवय नाही.

गोठ्यात गेलो तर दार खरोखरच खालच्या कोपऱ्यात घासत होतं. चौकट तिरकी झाली होती, कारण मागच्या भिंतीनं आडव्या भिंतीला रेटलं होतं आणि आडव्या भिंतीनं चौकटीला. गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली आणि बाजूला सरकून बिडी पेटवली. दोरी कंबरेच्या उंचीवर दगडाला टेकली. पायथ्याशी मात्र दगड आणि दोरी यांच्यामध्ये चार बोटं सहज मावत होती.

"पोट सुटलंय हिला," गवंडी म्हणाला.

मग एकेक दिसू लागलं. फुगवट्याच्या रेषेत आडवी भेग, नखाएवढी रुंद आणि बारा-तेरा फूट लांब. खालच्या थरांवर पांढरा लोणा. वर वावरात गेलो, तर भिंतीपासून तीन फुटांवर, भिंतीला समांतर, जमिनीतच एक चीर. पोरांनी तिच्यात काटक्या खुपसून बघितलं होतं. एक काटकी कोपरापर्यंत आत गेली म्हणे. त्या चिरेवरच कडब्याची गंजी रचलेली, शेजारी शेणखताचा ढीग. भिंतीत उभी भेग पडली तर बहुधा पाया कुठंतरी खचलेला असतो. आडवी भेग, फुगवटा आणि मागं समांतर चीर ही तिन्ही एकत्र दिसली तर माती भिंतीसकट खाली यायला निघालेली असते. मी तेव्हाच म्हणालो की जनावरं आज रात्री इथं बांधायची नाहीत. मामा हसले. "सहा वर्षं झाली नाहीत बांधून. शिमिटाची भिंत हाये भाचे, मातीची न्हाई."

दुखणं नेमकं तिथंच होतं. आधी त्या जागी आजोबांच्या वेळची कोरडी भिंत होती, वडार कारागिरांनी नुसत्या दगडांत रचलेली. पावसाळ्यात तिच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं, गोठ्यात चिखल व्हायचा. मामींनी तो चिखल तीस वर्षं उपसला. मग एका ठेकेदाराकडून सिमेंटात पक्की भिंत बांधून घेतली, सांधे गुळगुळीत भरून. चिखल गेला. पाणी कुठं गेलं, हे कुणी विचारलं नाही.

भिंतीत पाणी जायला सहा प्लास्टिकच्या नळ्या बसवलेल्या दिसत होत्या. मी एकीत सळई घातली. अर्ध्या फुटावर ठक्क. दुसरीत तेच. सहाही नळ्या दर्शनी दगडापुरत्या होत्या, मागं काँक्रीट. शर्टाला शोभेचा खिसा असतो तशा.

इथं थोडा हिशोब मांडायला हवा. दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर उंच भिंतीवर मागची कोरडी मुरमाड माती एका मीटर लांबीला साधारण अडीच टन रेटा देते. तीच माती माथ्यापर्यंत पाण्यानं भरली की रेटा सहा टनांच्या घरात जातो, कारण दाणे एकमेकांना धरून राहतात तसं पाणी राहत नाही. ते आपला सगळा भार आडवा टाकतं. उंचीचा हिशोब त्याहून वाईट. भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवायची ताकद आठपट. वर आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट तळाशी पोचतं आणि मग माती फुगते. हे फुगणं या अडीच-सहा टनांत धरलेलंच नाही.

मातीच्या रेट्याचं हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते शार्ल कुलाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं, 1773 साली. विजेच्या नियमामुळं शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण कूलोम म्हणून भेटतो, तोच हा. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची आठेक वर्षं गेली होती. भिंती किती जाड ठेवायच्या हा त्याच्यापुढं रोजचा प्रश्न होता. त्याच्याही जवळपास दोनशे वर्षं आधी, सोळाव्या शतकात, बीडजवळ सलाबत खानानं खजाना विहीर बांधली. ती चारी बाजूंनी मातीच्या रेट्यात उभी आहे. गोल असल्यामुळं तिचे दगड रेट्यानं एकमेकांत आणखी घट्ट बसतात, आणि भुयारातून आलेलं पाणी दुसऱ्या भुयारातून पुढं वाहत जातं. सरळ भिंतीला गोलाईचा हा आधार नसतो. पाण्याला वाट मात्र देता येते.

ती न दिल्यावर काय होतं हे 2019 च्या पावसाळ्यानं चार दिवसांत दोनदा दाखवलं होतं. 29 जूनला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. 2 जुलैला मुंबईत चोवीस तासांत 375 मिलिमीटर पाऊस झाला आणि मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर आली. तीसच्या आसपास माणसं दगावली. दोन्हीकडं वेळ रात्रीची आणि माणसं झोपेत. मामांना मी हे सांगितलं. ते गप्प झाले, पण जनावरं हलवली नाहीत.

मग गवंड्यानं शेवटचा उपाय केला. आरशाच्या काचेच्या तीन पट्ट्या कापून भेगेवर आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं सिमेंटात. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच शाबूत राहते. शनिवारी संध्याकाळी पट्ट्या लावल्या. सोमवारी पहाटे धार काढायला गेलेल्या मामींचा फोन आला, "मधली काच तडकली बघा." त्या दिवशी दुपारच्या आत म्हशी, पारडू, सगळं भावकीच्या वाड्यात गेलं.

पुढची अडचण त्याच भावकीची. भिंतीवरचा भार उतरवायचा, मागं चर खणायचा, तर खणणार कुठं? चुलत मामांच्या वावरात. "धुऱ्यापासून हातभर आत कुणी खंदायचं न्हाई," त्यांनी बजावलं. दोन दिवस यातच गेले. शेवटी मामींनीच जावेला वर नेऊन दाखवलं, की त्यांच्या मोरीचं पाणी बाराही महिने कुठं मुरतंय. त्या संध्याकाळी परवानगी मिळाली. दोघींमध्ये आणखी काय बोलणं झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

गंजी आणि शेणखत हलवलं. चिरेवर ताडपत्री टाकली, वर आडवी चारी काढून पाणी बाजूला वळवलं. पाऊस उघडेपर्यंत एवढंच करता येण्यासारखं होतं. कुणीतरी जेसीबी आणला. गवंड्यानं तो परत पाठवला. एवढं धूड काठावर उभं करायचं म्हणजे भिंतीला धक्का देऊन विचारायचं की पडतेस का. फुगवट्याचा पंधरा फुटांचा तुकडा वरून खाली, दोन-दोन फूट मागची माती काढत आणि तेवढीच भिंत उतरवत हातानं काढला. खाली कुणाला उभं राहू दिलं नाही. तळाशी पाया सापडला तो काळ्या मातीत, फूटभर. मुरूम तिथून आणखी दीड फूट खाली होता.

घाईचं कारण वेगळंच होतं. गवंड्याच्या हाताखालच्या दोघांनी ऊसतोडीची उचल घेतलेली. दिवाळी झाली की ते कोयते घेऊन कोल्हापूरकडं जाणार. त्यानंतर गावात दगड उचलायला माणूस मिळत नाही.

नवा तुकडा मुरमात अडीच फूट रोवला. तळाला पाच फूट रुंद, माथ्याला दीड, आणि चेहऱ्याला दर फुटाला इंचभर मागं कल. दर थरात भिंतीच्या आत खोल जाणारे लांब दगड. मागं फूटभर जाडीचा खडीचा पट्टा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड. गवंड्याला त्या जागी खताच्या गोण्या घालायच्या होत्या. यावर आमचं खरं भांडण झालं. कापड आणायला मी संभाजीनगरला गेलो. तळाशी भोकाचा पाइप, त्याचं तोंड गोठ्याबाहेर गटारीत. काढलेली काळी माती परत भरली नाही, मुरूम आणून भरला. उरलेल्या पंचवीस फुटांमागं आधी चर खणून पाणी उतरवलं आणि मगच त्या भिंतीला आरपार भोकं पाडली. भरल्या भिंतीला समोरून भोसकणं आमच्यापैकी कुणालाच नको होतं.

दिवाळीनंतर पुन्हा पाऊस झाला. मी पुण्यात होतो. मामांनी व्हिडिओ पाठवला: पाइपातून मनगटाएवढी धार, आधी काळी, मग गढूळ, शेवटी नितळ. मामींनी खाली घमेलं लावलेलं. पाऊस उघडून नऊ दिवस झाल्यावर मामांचा पुन्हा फोन आला. पाइप अजून ठिबकत होता, आणि ते त्या थेंबांखाली घड्याळ घेऊन बसले होते.